दरीकडची खोली

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

माझे बाबा माथेरानच्या एका हॉटेलात आयुष्यभर वेटर होते. त्यांचं स्वप्न एकच. दरीकडच्या खोलीत आईसोबत बसायचं आणि चहा दुसऱ्या कुणीतरी आणून द्यायचा.

आज मी त्यांच्या नावाने तीच खोली बुक केली. आई आणि मी पुढच्या दाराने गेलो. बाबा सवयीने मागच्या दाराने किचनमध्ये शिरले.

मॅनेजर म्हणाला, "बरं झालं आलात काका, आज माणसं कमी हायत. जरा मदत करा."

आपण आज पाहुणे आहोत, हे बाबांच्या तोंडून निघालंच नाही.

खोलीत चहा आला. घेऊन आले बाबाच, खांद्यावर फडकं टाकून.

आई म्हणाली, "आवं, तुमचा कप?"

"तुमी प्या गं. मी खाली पितो."

सांगा, मी चिडू कुणावर?