गिटारीवरचा तळहात

"सांगून टाका ना त्या पोरीले! काहून लपवून राहिले?" आतून गिटार विकणाऱ्या माणसाच्या बायकोचा दबका आवाज आला आणि माझा संशय पक्का झाला.

नंदनवन वस्तीतल्या त्या घरी मी जुनी गिटार बघायला गेले होते. वायर जोडली की स्पीकरमधून वाजणारी गिटार इतकी स्वस्त कशी, हा प्रश्न सायकलवरून येतानाच मला पडला होता. गिटारवाले हिंगण्याच्या कारखान्यात कामाला होते. बोलताना ते गिटारीवरून सारखा फडका फिरवत, पण डावा तळहात खालच्या कडेवरून हलवत नव्हते. घरून पाठ करून आणलेले माझे प्रश्न बाजूला ठेवून मी नुसती त्या हाताकडे बघत बसले.

शेवटी त्यांनीच तो उचलला. खाली लाकडाचा गोल तुकडा बसवून बुजवलेलं भोक होतं.

"वायरीचं भोक इथं होतं, ताई. आम्ही बुद्धविहारात सतरंजीवर मांडी घालून वाजवतो. वायर मांडीले टोचे. म्हणून मीच दुसरं भोक वर पाडलं. विकाले नेली तं दुकानदार म्हणे, खराब केली गा तुनं गिटार." ते ओशाळून हसले. "आता सेकंड शिफ्ट लागली. संध्याकाळचं गाणं सुटलं, म्हणून विकून राहिलो."

फसवणारा माणूस आणि लाजणारा माणूस, दोघेही हात तसाच ठेवत असतील. मला अजून खात्री नव्हती. आमच्या शाळेत गिटार खुर्चीवर बसूनच शिकवत. मी त्यांनी दिलेल्या खुर्चीवरून उठले, खाली मांडी घातली आणि म्हणाले, "वायर जोडा. मी अशीच वाजवून बघते."