विहिरीला थर्मामीटर लावणाऱ्या सिस्टरबाई

विहिरीत टेप सोडण्याआधी सिस्टरबाई कठड्यावर बोटांनी टकटक करायच्या आणि खाली वाकून विचारायच्या, “उठना का रे भो?” उठलास का भाऊ, असं. मग क्षणभर थांबायच्या. दवाखान्यात खोलीत शिरण्याआधी दार वाजवायची सवय होती, ती त्यांनी विहिरीलाही लावली होती. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, निवृत्तीनंतर बाईंचं डोकं फिरलं. त्याच सकाळी त्यांनी दोरीला दवाखान्यातला काचेचा थर्मामीटर बांधून विहिरीत सोडला होता. वर काढून पाहिला तर पारा जागचा हललेला नाही. त्यांनी तो झटकला, पुन्हा सोडला, पुन्हा तेच. माझ्याकडे वळून गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, “नाडी लागते, ताप लागत नाही. काय समजायचं आम्ही?”

माणसाचा ताप मोजायचा थर्मामीटर सुरूच होतो माणसाच्या अंगाच्या उष्णतेजवळ. विहिरीचं पाणी त्याच्यापेक्षा पुष्कळ थंड. ते त्याला दिसणारच नाही. हे मी त्यांना शिकवायला गेले तर त्या हसल्या. त्यांना ते माहीत होतं. मी झोळी खांद्याला लावून, आव आणून उभी होते म्हणून माझी गंमत केली होती. खरा थर्मामीटर, प्रयोगशाळेतला लांब, त्यांच्या पिशवीतच होता. तो त्या एका वजनदार बाटलीत बसवून खाली सोडायच्या, म्हणजे वर काढेपर्यंत पाणी आणि आकडा दोन्ही जागच्या जागी.

आमचं गाव शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या वाटेवर. सिस्टरबाई गावच्या सून. उभा जन्म दूरच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून काढला, नवरा गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर गावी परतल्या. परतल्या त्या वर्षी आमच्या पिण्याच्या विहिरीला सरकारच्या भूजल खात्यानं निरीक्षण विहीर ठरवलं होतं. म्हणजे तिच्यावर मोटार बसवायची नाही, आणि तिच्यातली पातळी नियमानं मोजत राहायची, जेणेकरून सगळ्या शिवाराच्या पोटातलं पाणी चढतंय की उतरतंय ते कळावं. मोजायला गावातलं कुणीतरी हवं होतं. ग्रामसभेत पुरुष मंडळी एकमेकांकडे बघत राहिली आणि सिस्टरबाई उठल्या. “एकच पेशंट शे ना? मंग मी करस,” म्हणाल्या. पातळी मोजायची एवढंच सांगितलेलं असताना तापमान त्यांनी आपणहून जोडलं. ताप न बघता केसपेपर भरणं त्यांच्या हाताला जमेना.

आणि त्या लाजऱ्याबुजऱ्या नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. आवाज असा की विहिरीवरून बोलल्या तर स्टँडवरचा रिक्षावाला वळून बघायचा. मोजमाप चालू असताना कुणी घागर बुडवली तर तिला सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागायचं. पाणी हललेलं चालत नसे. “पेशंटला बोलायला लावून बीपी घेतेस का तू?” आकडे त्यांनी कधी वहीत कोंडले नाहीत. पंचायतीच्या भिंतीवर काळा चौकोन रंगवून घेतला आणि खडूनं एक रेघ पातळीची, एक रेघ तापमानाची. पलंगाला टांगलेला तक्ता जसा नातेवाइकांनाही दिसतो, तशी. पातळीची रेघ वर्षभर खालीवर नाचायची. तापमानाची मात्र सरळ, उन्हाळा असो की हिवाळा. त्या म्हणायच्या, जमिनीतून येणाऱ्या पाण्याचा स्वभाव शांत असतो, वर कितीही धिंगाणा चालू दे.

धिंगाणा मी घालत होते. स्पष्टच लिहिते: आमच्या भागात केळी-पपईसाठी जमिनीला जी भोकं पाडली जातात, ती बघून ज्याला राग येत नाही त्याला मी माणूस मानत नाही. ज्याच्या खिशात दम त्याचा बोअर खोल, आणि शेजारच्याच्या वाट्याला रिकामा पाइप. यावर मी पत्रकं काढायची. सिस्टरबाई माझं पत्रक चष्मा पुसून वाचायच्या आणि उद्गारचिन्हांवर बोट ठेवत जायच्या. “हे काय, जागोजाग सुया उभ्या करून ठेवल्या तू? माणूस घाबरतो, बरा होत नाही.”

आमचं पहिलं कडाक्याचं भांडण एका चांगल्या पावसाळ्यानंतर झालं. विहीर चढली होती, भिंतीवरची रेघ झोकात वर गेली होती. मी त्यांना म्हटलं, एवढ्यात हा आकडा लिहू नका. आपण ओरडतोय पाणी आटलं म्हणून, आणि तुम्ही भिंतीवर लिहिताय पाणी वाढलं म्हणून. लोक आपल्यालाच खोटं पाडतील. त्यांनी खडू खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले.

“पेशंट बरा व्हई गया तर नर्सनी रडानं का?” म्हणाल्या. मग मला समज द्यायला प्रमाण मराठीवर आल्या, ती त्यांची रागाची भाषा. “पाणी तुझ्या पक्षात नाही, माझ्याही नाही. वाढलं तर वाढलं लिहायचं. घटलं की घटलं लिहू.”

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी रोज दारावरून जाताना हाक मारली, “पत्रकवाली, जेवलीस का?”

पुढच्या उन्हाळ्यात गोष्ट अंगावर आली. विहिरीला लागून असलेल्या मळ्यात केळीच्या एका मोठ्या बागायतदारानं खोल बोअरांची परवानगी मागितली. ती मिळाली असती तर आमची पिण्याची विहीर एका हंगामात संपली असती. सरकारी पथक विहीर बघायला येणार, पातळी मोजणार, मग ठरणार. विहीर तेव्हा तळाला होती. पथकानं ते नुसतं डोळ्यांनी पाहिलं तरी आमचं काम होत होतं. पथक येणार त्या सकाळी मी पत्रक छापून घ्यायला शहाद्याला गेले. सिस्टरबाई डोळे तपासायला नंदुरबारला गेल्या होत्या.

दोघी गावात नाही, आणि उपसरपंच बापू कामाला लागला.

बापू मनानं सोन्यासारखा. त्याला कुणीतरी सांगितलं, साहेब विहीर बघायला येतायत. त्यानं ते मुलगी बघायला येतात तसं घेतलं. कठडा चुन्यानं रंगवला. ज्या खुणेवरून सिस्टरबाई टेप सोडायच्या ती लाल खूण चुन्याखाली गेली, वर झेंडूचा हार. आणि तापीकाठच्या गावाहून टँकर मागवून, तो सकाळपासून उन्हात तापलेला टँकर विहिरीत रिकामा केला, मग दुसरा, मग तिसरा. दुपारी मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन पोचले. पत्रकावर ठळक अक्षरांत “आमची विहीर तळाला गेली!!!” आणि समोर विहीर पाण्यानं लखलखतेय, पथकातला तरुण साहेब टेप सोडतोय, आकडा लिहायला पेन उघडतोय. मी बापूला विचारलं, हे काय केलंस? तो उलट माझ्यावरच रुसला.

“पाव्हनासमोर रिता लोटा कोनी ठेवस का?”

आमच्याकडे पाहुण्याला पाणी काठोकाठ भरूनच देतात. मी साहेबांना ओरडून सांगितलं की हे टँकरचं पाणी आहे. बागायतदाराचा मॅनेजर तिथंच होता. तो शांतपणे म्हणाला, कालपर्यंत ही बाई विहीर कोरडी म्हणत होती, आज भरलेली दिसली तर टँकर म्हणते. साहेबानं माझ्या पत्रकाकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. पत्रकानं माझी बाजू धरली नाही.

तेवढ्यात नंदुरबारची बस थांबली. सिस्टरबाई डोळ्यांत थेंब घातलेल्या, काळा चष्मा लावून उतरल्या. गर्दी बघून सरळ विहिरीशी आल्या. हार बाजूला सारला, कठड्यावर टकटक केली. भो उठला का ते मात्र विचारलं नाही. बादली सोडून वरचं पाणी काढलं, त्यात मनगट बुडवलं आणि हात मागे घेतला. मग पिशवीतून थर्मामीटर काढून झटकला. लांब नाही, तो दवाखान्यातला, माणसाचा. बादलीत धरला. डोळ्यांत थेंब असल्यानं त्यांना आकडा दिसेना, म्हणून साहेबाच्या हातात दिला. “आते दखा. तुम्हीच वाचा.”

पारा चढला होता. जो थर्मामीटर त्या विहिरीत कधीच हलला नव्हता, तो चढला होता.

“याले ताप शे,” सिस्टरबाई म्हणाल्या. “हाई पानी आपलं नई.”

साहेब मोकळेपणानं हसला. जमिनीतलं पाणी इतकं कढत नसतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आल्याआल्या कठड्याभोवतीचा ओला चिखल आणि टायरांच्या खुणाही त्यानं पाहिल्या होत्या. त्याला कागदावर लिहिता येईल असं काहीतरी हवं होतं, ते मिळालं. आजचं मोजमाप धरायचं नाही, पुन्हा एखाद्या सकाळी न सांगता येऊ, असं तो म्हणाला. बापूनं सगळ्यांना चहा पाजला. तो अजून रुसलेलाच होता.

पथक न सांगता आलं तेव्हा विहीर पुन्हा तळाला होती. पण सुनावणीत मॅनेजरनं नेमकं तेच काढलं. म्हणाला, या गावानं एकदा विहिरीत पाणी ओतलंय, यांच्या भिंतीवरच्या रेघांवर कोण विश्वास ठेवणार? ज्या आकड्यांवर आमची सगळी लढाई उभी होती, ते आमच्याच पाहुणचारानं बुडवले होते.

सिस्टरबाईंनी साहेबाला एवढंच विचारलं की तुमच्या खात्याची मोजमापं आहेत ना, ती आमच्या भिंतीशी ताडून बघा. त्यानं पावसाळ्यानंतरचा आकडा काढला. ज्यावरून आम्ही दोघी भांडलो होतो, त्याच वर्षाचा, विहीर चढल्याचा. भिंतीवरही चढल्याचंच लिहिलेलं. साहेब मॅनेजरला म्हणाला, यांना खोटंच लिहायचं असतं तर हे लिहिलं नसतं. अर्ज फेटाळला गेला. मी बाईंकडे पाहायचं टाळत होते. त्या माझ्याकडे बघून सावकाश, गालात हसत होत्या. असं हसणं फार वाईट असतं.

गेल्या वर्षी त्या लेकीकडे नवापूरला राहायला गेल्या. गुडघे विहिरीपर्यंत येईनात. जाताना बाटली, दोरी आणि लांब थर्मामीटर मला दिला. माणसाचा मात्र स्वतःजवळ ठेवला. “बापूनं परत पाहुणे बोलावले तर कळव,” म्हणाल्या. आता मोजायच्या दिवशी सकाळी मी कठड्यावर टकटक करते. बायका हसतात. घरी पोचायच्या आत फोन येतो, “पेशंट कसा शे?”

या पावसाळ्यानंतर विहीर पुन्हा छान चढली. फोनवर सांगताना माझा आवाज पडला होता, कारण दोन शिवारं सोडून नवे बोअर सुरू झाले आहेत आणि मला त्यावर जळजळीत पत्रक काढायचं होतं. म्हटलं, आता भरल्या विहिरीवर काय लिहू?

“भरली आहे असं लिही. आणि ती भरलेली राहायला काय लागेल ते लिही.”

तसं लिहिलं. बोअरांवर जे म्हणायचं तेही म्हटलं, एक शब्द पातळ केला नाही. छापलं, एक प्रत त्यांना पाठवली. दुसऱ्या दिवशी लेकीच्या फोनवरून त्यांचा आवाज आला. चष्मा पुसून पूर्ण वाचलं होतं, वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत.

“एक बी सुई नई व माय,” म्हणाल्या. “बरं वाटनं.”