आर्डिथ आत्याची हवेची बंदूक

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात खारींची शिकार घरोघरी चालते, पण आमच्या आर्डिथ आत्यासारखी कोणालाच जमत नाही. लाकडाच्या गिरणीत तिच्या डाव्या हाताची बोटं गेली, तरी आजोबांची जुनी हवेची बंदूक तिने सोडली नाही. दस्ता ओंडक्यावर टेकवायचा आणि नळीखालचा दांडा मनगटाने रेटून हवा भरायची, ही युक्ती तिची तिनेच शोधली.

एकदा पानगळीत बाबा, मी आणि आत्या हिकरीच्या, म्हणजे रानटी अक्रोडाच्या, रानात गेलो. बाबांकडे एका बारात मूठभर छर्रे उडवणारी काडतुसांची बंदूक होती. आत्याची खटपट बघून ते हसले.

"ताई, तुझी हवा भरेपर्यंत त्या खारीला नातवंडं होतील गं!"

"होऊ देत. तू तोंड मिटून बस, वेंडल."

बाबांनी बार काढला. एक खार पडली आणि बाकीचं रान चिडीचूप झालं. बाबा कंटाळून घरी गेले. आत्या मात्र बुंध्याला टेकून बसून राहिली. हळूहळू खारी परत आल्या. तिच्या बंदुकीचा आवाज इतका बारीक, की एक खार डोक्यात छर्रा लागून पडली तरी शेजारची अक्रोड कुरतडतच होती. मग तीही पडली.

रात्री जेवताना बाबांच्या दाताखाली छर्रा आला.

"ही माझी खार वाटतं," ते गाल धरून म्हणाले.

"तुझीच. माझ्या खारी त्या दुसऱ्या भांड्यात आहेत. घे की!"

बाबांनी ते भांडं पुढे ओढून वाढून घेतलं. आणि गावात ते आजही छाती फुगवून सांगतात, "नेम बघायचा तर आमच्या ताईचा!"