दिरांचे गुडघे

आज अमावस्या, म्हणून सकाळीच लेकीच्या गाडीला लिंबू-मिरची बांधायला घेतली. सुई टोचताच लिंबाचा वास सुटला आणि ही गाडी घेतली तो दिवस आठवला. लेक मिरजेला नर्स. घरची जुनी मोठी गाडी तिला दिली होती, पण नावालाच. दीर तिच्यातून म्हशींच्या पेंडीची पोती आणायचे, रविवारी सगळी भावकी कोंबून म्हसवडला देवाला न्यायचे. शेवटी ती लेकीला घेऊन ड्युटीच्या वेळेलाच रस्त्यात बंद पडली. "आई, आता परत उशीर झाला तर नोकरी जाईल," ती म्हणाली. तीच गाडी कशीबशी दुरुस्त करून आम्ही नवी बघायला सांगलीला निघालो, तर दीर न बोलावताच पुढच्या सीटवर. शोरूममध्ये ते थेट सात माणसांच्या गाडीपाशी गेले. "वैनी, हिच्यात भावकी बसतीया आन् वर पोती बी! हीच घ्या." मी म्हटलं, "भाऊजी, त्या लहान गाडीत जरा मागं बसून बघा." ते बसले. गुडघे हनुवटीला, टोपी छताला. "आवं वैनी, हे काय माणसानं बसायचं हाय व्हय? कोंबड्याचं खुराडं हाय!" "हीच द्या," मी सेल्समनला सांगितलं. गाडी घरी आली तेव्हा चाकांखाली लिंबं दिरांनीच ठेवली, तोंड मात्र लिंबाहून आंबट. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेंडीचं रिकामं पोतं घेऊन दारात हजर. मी दोन्ही किल्ल्या लेकीच्या पर्समध्ये टाकल्या, आणि दिरांसाठी माझी स्कूटी बाहेर काढली.