गिअरबॉक्सच्या सीलावर अक्षता

मस्कतातल्या वादी कबीरमध्ये कुणालाही विचारा, बाळकृष्ण परुळेकर कोण, तर तो आधी गाडी दाखवील आणि मग माणूस. बाळकृष्णाला ह्यात काही वावगं वाटत नसे. कुरुमच्या एका कंपनीत तो एसीच्या सुट्या भागांच्या स्टोअरचा इनचार्ज होता. दिवसभर कंप्रेसर नि तांब्याच्या नळ्या हा त्याचा संसार. पण संध्याकाळी त्या एक्क्याऐंशी सालच्या पांढऱ्या जर्मन गाडीत बसला, की मान अशी ताठ व्हायची, की बघणाऱ्याला वाटावं कुठल्यातरी खात्याचा मंत्रीच चाललाय.

गाडी ‘अर्बाबनं प्रेमानं दिली’ असं तो सांगे. अर्बाबला, म्हणजे त्याच्या ओमानी मालकाला, खरं तर अंगण मोकळं करायचं होतं. पण कुडाळहून आलेल्या माणसाला मालकानं गाडी दिली, ही गोष्ट सांगायला इतकी छान होती, की अंगणाचा भाग त्यानं पहिल्याच वर्षी गाळून टाकला. पुढे पुढे तो भाग तो स्वतःही विसरला.

ह्या गाडीला खरा मान मिळाला तो गणपतीमुळे. मस्कतात मंडळाचा गणपती बसतो, पण हॉलच्या आत. रस्त्यावर ढोल नाही, गुलाल नाही. रुवीतल्या गोदामातून मूर्ती हॉलपर्यंत आणायची, ती मुकाट्यानं, गाडीत बसवून. म्हणजे मंडळाची सगळी मिरवणूक काय, तर बाळकृष्णाची गाडी. दरवर्षी मागच्या सीटवर बाप्पा आणि स्टीअरिंगवर पांढऱ्या लेंगा-झब्ब्यातला बाळकृष्ण. गाडी तो इतकी हळू चालवायचा, की मागचे टॅक्सीवाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. त्या हॉर्नलाच तो ढोल समजत असावा.

आणि दोन हजार चौदाच्या श्रावणात ही गाडी गळू लागली. सकाळी पार्किंगमध्ये तिच्या पोटाखाली लाल डाग दिसायचे. ऑटोमॅटिक गिअरचं तेल लाल असतं, आणि ते गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाच्या सीलातून ठिबकत होतं. तेल कमी झालं की गाडी गिअर बदलताना आचके द्यायची. बाळकृष्णानं आधी घरातली परात नेऊन गाडीखाली ठेवली. मोदकांची उकड मळायची परात! त्याची बायको प्रेमा दोन दिवस स्वयंपाकघर धुंडाळत होती आणि तिसऱ्या दिवशी तिनं खिडकीतून खाली पाहिलं. त्यानंतर ती जे बोलली ते शेजारच्या फ्लॅटमधल्या मल्याळी बाईंनाही भाषांतराशिवाय कळलं.

परातीची बातमी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. अध्यक्ष प्रताप साळवींकडे नवीकोरी मोठी गाडी होती. बैठकीत ते गोड आवाजात म्हणाले, “परुळेकर, यंदा बाप्पाला माझ्या गाडीतून आणू या का? एसीसुद्धा चालतो माझा.” सगळे हसले. बाळकृष्ण हसला नाही. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. मंडळाच्या कार्यकारिणीवर त्याला कुणी घेतलं नव्हतं, भाषण कुणी करू दिलं नव्हतं. वर्षातला तो एक तासच काय तो त्याचा होता, आणि आता तोही जाणार होता.

म्हणून तो वादी कबीरच्याच गॅरेजात हुसैनमियाँकडे गेला. हुसैनमियाँ हर्णैचे. आखातात ऑटोमॅटिक गिअर कळणारा माणूस एकच आहे, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि तो कोण हे ते विचारण्याआधीच सांगत. मंडळातल्या निम्म्या लोकांच्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या.

“सील गेला,” गाडीखालून ते ओरडले. “नवा मागवतो. बसवला का खलास. तुमी बाप्पाला घेऊन हजार किलोमीटर सलालाला जा.”

सील आला. पोलादी कडं, आत रबराची पातळ ओठासारखी कड आणि तिच्यामागे केसाएवढी स्प्रिंग. एवढंसं ते प्रकरण. हुसैनमियाँनी गाडी वर उचलून मागचा शाफ्ट काढला, जुना सील उचकटला, बसायची जागा लख्ख पुसली, नव्या सीलाच्या ओठाला लाल तेल लावलं आणि तो स्वच्छ कागदावर ठेवला. तेवढ्यात अजान झाली.

“बाळकृष्णभाऊ, मी नमाज पढून येतो. ह्याला बोट लावायचा नाय. धुळीचा एक कण आत गेला तरी हा गळणार. फुंकर पण मारायची नाय.”

“छे छे, मी कशाला हात लावू?” बाळकृष्ण म्हणाला.

आता परुळेकरांच्या घरात नवी वस्तू हळदकुंकवाशिवाय वापरात येत नसे. कुकर, मिक्सर, लेक शिवांगीचा शाळेचा कॅल्क्युलेटर, सगळ्यांच्या कपाळी कुंकू. स्टोअरमध्ये आलेल्या जपानी कंप्रेसरलाही तो चोरून बोट लावायचा. प्रेमाकडून सकाळीच त्यानं कुंकू लावलेल्या अक्षतांची पुडी घेतली होती. “टायरला वाहायच्यात ना?” तिनं विचारलं होतं. “बघू,” तो म्हणाला होता.

त्यानं बघितलं. नवा कोरा सील, आणि कपाळ मोकळं! त्यानं मुळीच हात लावला नाही. दोन बोटांच्या चिमटीतून, वरच्यावर, डोळे मिटून त्यानं अक्षता वाहिल्या. मग कुंकू वाहिलं. मग आपल्यापरीनं शहाणपण करून वरचे दाणे नखानं उडवले. आतल्या खाचेत गेलेले कुणाला दिसणार? लाल तेलात लाल कुंकू आणि लाल तांदूळ. हुसैनमियाँ परत आले, संध्याकाळच्या उजेडात त्यांनी सील उचलला आणि ठोकून जागेवर बसवला.

चार दिवस बाळकृष्ण परात घासून दिल्याच्या आनंदात होता. पाचव्या दिवशी डाग परत आला, आणि आधीपेक्षा मोठा. परात पुन्हा गाडीखाली गेली.

माणसानं अशा वेळी आपण काय केलं ते आठवावं. बाळकृष्णाला हुसैनमियाँनी काय केलं तेवढंच आठवलं. “नमाजाला गेले हो मधेच कामावरून उठून,” तो बैठकीत चारचौघांत म्हणाला. “लक्ष नको का? आणि सील डुप्लिकेट घातला असणार. मी सांगतो ना, मी पार्टमधला माणूस.” नमाजाचं नाव घेताना त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. लोकांनीही माना डोलावल्या, आणि दोघांनी आपल्या गाड्या हुसैनमियाँकडून दुसरीकडे नेल्या.

हे हुसैनमियाँच्या कानावर गेल्यावर त्यांनी फोन बाळकृष्णाला केला नाही, प्रतापरावांना केला. “उद्या गाडी घेऊन या, तुमी पण या. तुमच्यासमोर उघडतो. चूक माझी निघाली तर दुकानाचा बोर्ड उतरवतो.” चतुर्थी परवावर आली होती.

गॅरेजात तिघे गाडीखाली उभे राहिले. प्रेमाही आली होती. परात परत न्यायची म्हणून, असं ती म्हणाली. हुसैनमियाँनी शाफ्ट काढला, सील उचकटला, आत टॉर्च मारला. सुईच्या टोकानं त्यांनी रबराच्या ओठाखालून काहीतरी टोकरून तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा.

“हा काय हाय, बाळकृष्णभाऊ?”

प्रतापराव चष्मा शोधत होते. बाळकृष्णानं दाणा ओळखला. लाज आणि भीती एकदमच आली. तेवढा चष्मा खिशातून निघण्याआधी काहीतरी करायला हवं होतं.

“अक्षता आहे ती,” तो म्हणाला. “पायदळी जाता कामा नये.” आणि हुसैनमियाँच्या तळहातावरून दाणा उचलून त्यानं तोंडात टाकला. काळपट लाल तेलासकट. गिळला.

प्रतापरावांनी चष्मा लावला. “कुठाय? काय होतं?”

हुसैनमियाँनी सील उलटा केला आणि शांतपणे बाळकृष्णापुढे धरला. “खावा खावा. आत अजून हायत.”

होते. स्प्रिंगच्या खाचेत रांगेनं बसले होते, कुंकवासकट. प्रतापरावांनी वाकून पाहिले, आणि मग त्यांनी प्रेमाकडे पाहिलं. प्रेमा म्हणाली, “मी टायरसाठी दिल्या होत्या.” परात उचलून ती बाहेर पडली.

दुसरा नवा सील संध्याकाळपर्यंत बसला. त्या वेळी हुसैनमियाँनी बाळकृष्णाला गॅरेजाबाहेर उभं केलं होतं, आणि मधे अजान झाली तेव्हा ते निर्धास्त नमाजाला गेले. त्यांच्याकडून गेलेल्या दोन गाड्या परत आल्या. त्यातल्या एकाच्या मालकानं माफी मागितली, दुसऱ्यानं नुसताच हॉर्न वाजवला. बाळकृष्ण मात्र हुसैनमियाँना एवढंच म्हणाला, “चला, सापडलं ते बरं झालं.”

बाप्पा प्रतापरावांच्या गाडीतून आला, एसी लावून. मागून पांढरी जर्मन गाडी मोदकांचे डबे घेऊन आली. तिच्यातून तेलाचा थेंबही गळत नव्हता, पण ते बघायला कुणी वाकलं नाही.

हॉलमध्ये पूजा लागली. गुरुजी म्हणाले, सगळ्यांच्या हातात अक्षता द्या. वाटी घेऊन फिरणारी बाई बाळकृष्णापाशी आली आणि त्यानं ओंजळ पुढे केली. बायकांच्या ओळीतून प्रेमाचा आवाज आला, हळू, पण हॉलभर ऐकू गेला.

“ह्यांना फुलं द्या, वहिनी. फक्त फुलं.”

हॉल हसला. बाळकृष्णानं ओंजळ तशीच धरली, आणि वहिनींनी तीत झेंडूचं एक फूल ठेवलं.