नाखवांचा बंद लेयर

फोन आला तेव्हा मी फळ्यावर तीनच शब्द लिहिले होते. पॉइंट, लाइन, पॉलिगॉन. पनवेलला माझा कॉम्प्युटरवर नकाशे करायला शिकवणारा क्लास आहे, आणि प्रत्येक नव्या बॅचचा पहिला तास याच तीन शब्दांनी सुरू होतो. "मॅडम, बाबा गेले... सकाळी जाळं दुरुस्त करता करता," हिरा म्हणाली. हिरा म्हणजे करंजा बंदरातल्या बोटवाल्या धर्मा नाखवांची एकुलती लेक. "अगं, काय सांगतेस!" मी म्हटलं नि खडू खाली ठेवला. या तीन शब्दांवरून माझ्याशी सगळ्यात जास्त भांडलेला विद्यार्थी गेला होता. आज सव्वा महिना झाला, पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की रडण्याआधी हसूच फुटतं, त्याला मी काय करू!

दोन हजार नऊ-दहाचे दिवस होते. क्लास नवा, मी नवी, आणि ते नकाशांचं सॉफ्टवेअर माझ्या डोक्यात इतकं भिनलं होतं की दूधवाल्यालासुद्धा मी उपग्रहाच्या फोटोत त्याचा गोठा दाखवला होता. अशात एके दिवशी साठी उलटलेला, उन्हानं रापलेला एक माणूस बगलेत नकाशाची गुंडाळी घेऊन जिना चढून आला. "हितं नकाशा शिकवतात ना? मला शिकायचा हाय. पंधरा दिवसांत." मी म्हटलं, अहो, कोर्स तीन महिन्यांचा आहे. त्यांनी गुंडाळी टेबलावर उलगडली. बोटींची वाट खोल करताना निघणारा गाळ समुद्रात कुठे टाकायचा, त्याचं वर्तुळ त्यावर काढलेलं होतं आणि आत लिहिलं होतं, रिकामं पाणी. "रिकामा? बाय, आमचा आख्खा गाव या पान्यावर जेवतो!" पंधरा दिवसांनी सुनावणी होती. मासेमारी कुठे चालते ते नकाशावर दाखवा, तोंडी चालणार नाही, असं त्यांना सांगितलं होतं. मी करून देते म्हटलं, तर ऐकेनात. "तू करशील, आन् सायबानं मला कायी विचारला तर मी काय तुझ्या तोंडाकडं बघू?"

मग काय, रोज एसटीनं करंजा ते पनवेल! माऊस पहिले दोन दिवस टेबलावरून खाली पडत होता. पण लेयर म्हणजे काय, नकाशात एकावर एक थर कसे असतात, हे मी एक वाक्य बोलायच्या आत त्यांना कळलं. "म्हंजे पान्यासारखा. वर येक पानी, खाली दुसरा पानी, दोन्ही येकाच जागी, पन वाहतात वेगळे." मी खुर्चीतून उठलेच! इतकं सोपं मला कुणी शिकवलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते. टिक काढली की लेयर दिसेनासा होतो, टिक केली की परत येतो, याचं तर त्यांना इतकं कौतुक, की पडद्यावरचं बंदर घालवायचे नि परत आणायचे, घालवायचे नि परत आणायचे. "अहो नाखवा, पुरे आता!" मी ओरडायची, आणि दोघंही हसत सुटायचो.

आठव्या दिवशी ते वहीत गावातल्या सगळ्या बोटवाल्यांच्या जागांचे आकडे घेऊन आले. प्रत्येकाच्या बोटीवरच्या यंत्रातले, अक्षांश-रेखांश. आम्ही एकेक पॉइंट टाकला. नकाशा उघडून बघते तर काय, दोन बोटी खडकावर, तीन चिखलात, आणि खुद्द नाखवांची द्रोणागिरीच्या डोंगरावर! माझंच काहीतरी चुकलं म्हणून अख्खा दिवस मी आकडे उलटेपालटे करून तपासत बसले. संध्याकाळी नाखवा हळूच म्हणाले, "बाय, यंत्र बरोबर हाय. आकडे खोटे हायत." मासळीची जागा कुणी कुणाला सांगत नाही. सख्ख्या भावालाही नाही. गाव वाचवायला निघाले, तरी तोंडातून खरा आकडा एकाच्याही निघेना! "माझ्या बापानं मला सांगितली ती शेवटच्या दिवशी, कानात."

मी भयंकर चिडले. "मग टाकू दे त्यांना गाळ! बसा गप्प तोंड शिवून!" त्यांनी वही मिटली. मग फळ्याकडे बोट केलं. "तो तिसरा काय ता... कुंपनवाला?" पॉलिगॉन, मी तडकून म्हटलं. "मंग टिंब कशाला? कुंपन घालू ना!" दुसऱ्या दिवशी कुंपण काढून, प्रिंट घेऊन ते घरोघर फिरले. प्रश्न एकच. तुझी जागा आत हाय का भायेर? कुठे, ते सांगू नको. बाहेर म्हणाला की कुंपण थोडं सरकवायचं. चार दिवसांत सगळी बंदरवस्ती 'आत' म्हणाली.

सुनावणीला मी मागे बसले होते. साहेबांनी विचारलं, यात मासे नेमके कुठे मिळतात? नाखवा शांतपणे म्हणाले, "सायेब, मासली काय टिंबावर बसून राहते?" मागचे सगळे बोटवाले माना खाली घालून हसले. काही महिन्यांनी ते वर्तुळ कुंपणाच्या पार पलीकडे सरकलं. नाखवा पेढे घेऊन आले नि आल्या आल्या माऊस धरून बसले. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता.

दिवस झाल्यावर हिरा क्लासमध्ये आली. आता बोट तिचा नवरा नेतो. "बाबांनी जागा सांगितलीच नाय, मॅडम... कानात बोलायला येळच मिळाला नाय. बोटीवर हे सापडला." प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेनड्राइव्ह होता. फाइल माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून उघडली. तेच कुंपण. डावीकडे यादीत, टिक काढून ठेवलेला एक लेयर. नाव : हिरा. मी टिक केली, आणि निळ्या पाण्यात एकच पॉइंट उगवला, शेजारी त्याचे अक्षांश-रेखांश. हिरानं पडद्याला नाक लावून आकडे पुटपुटत पाठ केले, मग पदर डोळ्यांना लावून हमसून रडली. मीही रडले. जाताना दारात थांबून म्हणाली, "तुमीपन बघितला ना?" बघितला, म्हटलं. तिच्यासमोरच मी माझ्या कॉम्प्युटरवरून तो लेयर पुसला. पेनड्राइव्ह ती घेऊन गेली.

नव्या बॅचला पॉलिगॉन शिकवताना मी अजून नाखवांचं कुंपणच उघडते. कुणीतरी विचारतंच, मॅडम, यात मासे नक्की कुठे मिळतात? मी माऊस उचलते आणि बेधडक चुकीची जागा दाखवते.