कागदावरचा हंबल

कोंडीराम महाळुंग्याचा, पिंपरीत आमच्या कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर कामाला. बोलणं कमी, मान ताठ. त्याच्या बापानं गावात पाटलांच्या दारात वाकून जोहार घातले होते. धम्म घेतला आणि तो शब्द घरातून हद्दपार झाला. नशीब असं की, त्याच पाटलांचे चिरंजीव लक्ष्मणराव इथं कोंडीरामचे फोरमन.

चौऱ्याहत्तर साली माल जास्त निघावा म्हणून प्रेसची जाळी काढली. हात आत जाऊ नये म्हणून असते ती. कोंडीरामनं मशीन बंद केलं. लक्ष्मणराव म्हणाले चालू कर, तेव्हा भडकून त्यानं त्यांच्या आईवरून शिवी हासडली. झालं! सस्पेंड, वर चौकशी. नोकरी जाणार, हे कँटीनवाल्यालासुद्धा कळलं होतं.

खुलासा इंग्रजीत हवा, म्हणून तो चौकातल्या टायपिस्टकडं गेला. ही मंडळी अर्ज कुणाचाही असो, ‘हंबली बेग’ ठोकतातच; बोटांची सवय. चौकशीत साहेबानं नेमका तोच शब्द धरला. म्हणाला, कागदावर एवढा हंबल आहेस, तर लक्ष्मणरावांपुढं वाक, मशीन बंद केल्याचा गुन्हा कबूल कर, नोकरी वाचेल.

लक्ष्मणराव खाली बघत होते. कामगारांच्या बाजूनं मी बसलो होतो. कोंडीरामनं मला विचारलं, “भाऊ, हंबल म्हणजे काय?”

माझं डोकं आधीच तापलेलं. “नम्र,” म्हटलं. “माणूस आपण होऊन असतो तेव्हा. दुसऱ्यानं वाकायला लावलं तर त्याला निराळा शब्द आहे, तुझ्या बापाला ठाऊक होता.” मग साहेबाकडं वळलो. “कंपनीनं वीज वाढवून मागितली त्या अर्जातही हंबल असणारच. तेव्हा कोण वाकलं, तुम्ही का मालक?”

साहेबानं मला बाहेर व्हायला सांगितलं. मी हललो नाही. तेवढ्यात कोंडीराम उठला. ताठ उभं राहूनच त्यानं हात जोडले.

“लक्ष्मणराव, तुमच्या आईवरून, गोजाबाईंवरून बोललो ते वाईट केलं. त्या माउलीनं माझं काय वाकडं केलं होतं? माफ करा. मशीन बंद केलं त्याची माफी मागणार नाही. नोकरी गेली तर जाऊ द्या.”

साहेबानं पेन उचललं. लक्ष्मणराव घसा खाकरून म्हणाले, “शिवीचं मिटलं आमचं, साहेब. अन् जाळी म्याच काढली, वरनं हुकूम व्हता म्हून. हेबी लिवा.”

पेन तसंच राहिलं. जाळी काढणं कायद्यानं गुन्हा; ते लिहिलं असतं तर कंपनीच अडकली असती.

सोमवारी कोंडीराम प्रेसवर आणि जाळी जागेवर. लक्ष्मणरावांना मात्र फोरमनकीवरून काढून स्टोअरमध्ये टाकलं. कोंडीराम दुपारचा डबा घेऊन तिकडंच जायचा.

पुढं कधी टायपिस्टकडं जायची वेळ आली की आधीच बजावायचा, “तो शब्द घालू नको. नम्र व्हायचं असलं तर मी तोंडानं होईन.”